आमच्या गावची ओपन जिम : १४ महिन्यांचं वेबिल

आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेमागं, पाण्याच्या टाकीखालच्या मोकळ्या जागेत ग्रामपंचायतीनं ओपन जिम बसवली. नऊ प्रकारची यंत्रं, खाली गट्टू, भोवती तारेचं कुंपण आणि सिमेंटचा एक बाक. गाव दारव्हा तालुक्यातलं, वस्ती हजार-बाराशेची. मी तिथं १४ महिने जातो आहे आणि रोजची नोंद ठेवतो आहे. जिमसमोर फोटो काढून ‘छान सुविधा’ लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्या नऊ यंत्रांपैकी कोणतं हृदयाच्या कामाचं आणि कोणतं नुसतं झुलायचं, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. आजूबाजूच्या गावांतही अशा जिमा होत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एसटीत कंडक्टर होतो. टप्पा आला की वेबिल भरायचं, किती तिकिटं, किती पैसे, सगळं त्या कागदावर. ती सवय हाताला लागली ती लागलीच. जिमच्या वहीलाही घरात वेबिलच म्हणतात. रोज एक ओळ : किती मिनिटं, कोणतं यंत्र, सुरू करण्याआधी नाडी किती, थांबल्याबरोबर किती. मनगटाला अंगठ्याच्या बाजूनं दोन बोटं लावायची, घड्याळावर १५ सेकंद मोजायचे आणि चारानं गुणायचं. आठवड्यातून एकदा उपकेंद्रात जाऊन प्रेशर. त्याचा रकाना वेगळा.

या सगळ्याला सुरुवात झाली ती प्रेशरपासून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. उपकेंद्रातल्या मॅडम तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करत घरोघरी फिरत होत्या. माझं निघालं १५८/९६. मला काहीच होत नव्हतं, ना डोकं दुखत होतं, ना चक्कर. मॅडमनी आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावून पुन्हा घेतलं, आकडे तसेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन ५ ची एक गोळी रोजची लावली, मीठ कमी करायला सांगितलं आणि विचारलं, "चालता किती?" मी म्हटलं, आयुष्यभर उभ्यानं नोकरी केली. ते म्हणाले, "आता किती चालता?" आता म्हणजे घरून पारापर्यंत आणि पारावरून घरी.

माझी पुतणी वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपी शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या बस आणि ट्रामवरच्या ३१ हजार कामगारांचा अभ्यास केला आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. पगार जवळपास सारखा, वस्ती सारखी, गाडी एकच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दुमजली बसचा जिना चढून-उतरून, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला, झाला तरी उशिरा झाला, आणि पहिल्याच झटक्यात दगावणारेही त्यांच्यात कमी. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांनी दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास मानतात. पुतणीनं दुसरी बाजूही सांगितली. मॉरिस यांनीच पुढं गणवेशाच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हरांच्या कमरेचं माप नोकरीला लागतानाच मोठं होतं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. त्यानंतर निराळ्या धंद्यांतल्या लोकांवर पुष्कळ अभ्यास झाले आणि दिशा तीच निघाली. मॉरिस स्वतः रोज व्यायाम करत, ते २००९ साली वारले तेव्हा वय ९९ होतं.

"मोठेबाबा, तुमची कंडक्टरकी तुमाले सांभाळून घेत होती, आता कंडक्टरकी संपली," ती म्हणाली. ते माझ्या मनात रुतून बसलं. आमच्या गाड्यांना वरचा मजला नव्हता, पण टपावर बोऱ्या चढवायला शिडी होती, आणि बाजाराच्या दिवशी शंभर माणसांतून मागच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंत अंग चोरत जाणं होतं. ते सुटलं आणि दोन वर्षांत १५८/९६.

माझ्यासोबत नऊ वर्षं एकाच रूटवर असलेले ड्रायव्हर आमच्याच गावचे. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला मास्तर. त्यांना त्याच्या आदल्या वर्षी झटका आला होता. नागपुरात दोन स्टेंट टाकले. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची मोठी यादी होती आणि खाली एक ओळ, ‘नियमित व्यायाम करावा’. कोणता, किती, कधी, काय झालं तर थांबायचं, काही नाही. मला याचं वाईट वाटतं. मोठ्या शहरांत झटक्यानंतर देखरेखीखाली व्यायाम करवून घेण्याची सोय असते, त्याला कार्डियाक रिहॅब म्हणतात. आमच्याकडच्या माणसाच्या वाट्याला ती एक ओळ आली. घाबरून दादा पाच महिने खाटेवरच होते. वहिनी पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हत्या.

पुतणीनं त्यांना आधी डॉक्टरांकडं परत पाठवलं. टीएमटी झाली, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढतात ती तपासणी. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली आणि मग आम्ही दोघं जिमला लागलो. स्टेंट, बायपास, छातीत दुखणं, चालताना धाप लागणं, यातलं काही असेल तर ही पायरी कोणी सोडू नये. यंत्राला काही फी नाही म्हणून परवानगीही लागत नाही, असं नसतं.

आता यंत्रं.

सगळ्यांत जास्त गर्दी असते ती एअर वॉकरवर, गावात त्याला झुलती म्हणतात. दोन पाळण्यांवर पाय ठेवायचे आणि मागं-पुढं झुलायचं. चालल्यासारखं वाटतं म्हणून लोकांना ते आवडतं. माझ्या वहीत झुलतीच्या ४३ नोंदी आहेत. नाडी ७६ वरून फार तर ८८ ला जाते, कारण लंबक एकदा हलला की तोच तुम्हाला हलवतो, पायांना काम उरत नाही. गुडघे-कंबर मोकळी करायला पहिली पाच मिनिटं चांगली. हृदयासाठी अर्धा तास झुलणं म्हणजे उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं आहे, आणि गावातले निम्मे लोक तेवढंच करून घरी जातात.

क्रॉस ट्रेनर हे आमच्या जिममधलं खरं यंत्र. पायांनी पायडल फिरवायचे आणि हातांनी दांडे ओढायचे, दोन्ही एकाच वेळी. पाच मिनिटांत माझी नाडी ११० च्या वर जाते आणि पंधरा मिनिटं तिथंच राहते. हात आणि पाय मिळून अंगातले बहुतेक मोठे स्नायू कामाला लागतात, त्यांना रक्त पुरवायला हृदयाला जोर लावावाच लागतो. पाय जमिनीवर आपटत नाहीत, त्यामुळं गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनाही झेपतं. असं यंत्र आमच्याकडं एकच आहे आणि झुलत्या दोन. खरेदी करताना हे उलटं व्हायला हवं होतं. नवीन जिम मागणाऱ्या ग्रामपंचायतींनी हे एवढं तरी लिहून ठेवावं.

सायकलला ब्रेक नाही, म्हणजे पायडलला जोर कमी-जास्त करायची सोय नाही. पाय रिकामेच फिरतात. आमच्या सौभाग्यवती मात्र ती रोज २० मिनिटं चालवतात. त्यांचे गुडघे दुखतात आणि चालायला लावलं की दुसऱ्या दिवशी सूज येते. त्यांची नाडी सायकलवर ९८-१०० ला जाते, म्हणजे त्यांच्यापुरतं ते पुरेसं काम आहे. माझ्या वहीतला आकडा त्यांना लागू नाही, हे मला त्यांच्यामुळं कळलं.

लेग प्रेस आणि चेस्ट प्रेस ही ताकदीची यंत्रं, आपल्याच अंगाचं वजन ढकलायचं. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, त्याला ही चालतात. एकच गोष्ट कळकळीनं सांगतो. आमच्या पोरांना दम कोंडून जोर लावायची सवय आहे, आखाड्यातली. दम कोंडून जोर लावला की प्रेशर त्या क्षणाला फार उसळतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पट्टीच्या व्यायामपटूंच्या धमनीत नळी घालून जड वजन उचलताना मोजलं, तर लेग प्रेस करताना एकाचं ४८०/३५० पर्यंत गेलं होतं. ती तरणीबांड माणसं होती, वजनही प्रचंड होतं. पण प्रेशर असलेल्या साठीच्या माणसानं त्यातून घ्यायचं ते घ्यावं : ढकलताना तोंडानं श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा, आणि मोठ्यानं मोजायचं. मोजत राहिलं की दम कोंडता येत नाही.

ट्विस्टरवर, म्हणजे उभं राहून कंबर गरागरा फिरवायची ती तबकडी, लहान मुलं बसून भिरभिरी करतात. मोठ्यांनी त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं, निदान कंबरदुखी असलेल्यांनी. हाताचं चाक खांदा आखडलेल्यांना उपयोगी. राहिलेल्या दोन यंत्रांबद्दल लिहिण्यासारखं नाही, त्यातलं एक तर बसवल्यापासून तिसऱ्या महिन्यात वेल्डिंग तुटून पडलं आहे.

यंत्रांपेक्षा चालणं श्रेष्ठ, हे मी १४ महिन्यांनी म्हणू शकतो. गावाबाहेरून शकुंतला या छोट्या रेल्वेची जुनी लाईन जाते. गाडी बंद झाली, रुळांमध्ये बाभळी उगवल्या, पण कडेची पायवाट सपाट आहे. तिथं झपाझप चाललं की नाडी १०८-११०, म्हणजे क्रॉस ट्रेनरइतकीच, आणि मन रमतं ते वेगळं. मग जिम कशाला? तर आमची काळी माती. जूनच्या पहिल्या पावसानंतर ती पायवाट चपलेला किलो-किलो चिकटते, आणि गवत वाढलं की साप. दसऱ्यापर्यंत तिकडं जाता येत नाही. त्या चार महिन्यांत गट्टू घातलेली कोरडी जागा आणि एक क्रॉस ट्रेनर म्हणजे आमच्यासाठी पूल आहे. जिम नव्हती तेव्हा पावसाळ्यात चालणं सुटायचं ते सुटायचंच, दिवाळीनंतर पुन्हा कोणी सुरू करत नसे.

खंड पडू न देणं एवढं महत्त्वाचं का, ते पुतणीनं समजावलं. रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. रक्ताचा वेग वाढला की ते अस्तराला घासत जातं, आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. तो भिंतीतल्या स्नायूला सैल करतो आणि नळी रुंदावते. हा वायू शरीरात असं काम करतो, या शोधासाठी १९९८ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. दादांच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते ना, तीही शरीरात जाऊन हाच वायू देते. एका वेळच्या चालण्यानं खाली आलेलं प्रेशर काही तास, कधी कधी दिवसभर खाली राहतं आणि मग परत वर सरकतं. म्हणून रविवारी तीन तास आणि बाकी सहा दिवस पारावर, हा हिशेब चालत नाही. महिनोन्‌महिने केलं तर वाहिन्या जास्त लवचीक राहतात, आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी लागतात. सकाळी उठल्याउठल्या माझी नाडी पहिल्या महिन्यात ८२ होती, आता ७० आहे. मिनिटाला १२ म्हणजे दिवसाला १७ हजार ठोके कमी. हा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडला आणि दादांना दाखवला, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

व्यायामानं ब्लॉकेज धुऊन निघतं असं पारावर सर्रास सांगतात, ते मात्र खरं नाही. नळीत साचलेला थर असा वाहून जात नाही. वाहिनीचं अस्तर सुधारतं, प्रेशर आणि साखर आवाक्यात राहते, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उतरते, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, आणि पुढचा झटका येण्याचा धोका कमी होतो. एवढं पुष्कळ आहे, त्याच्यावर खोटं रचायची गरज नाही. त्या खोट्यापायी आमच्याच गावातल्या एकानं गोळ्या सोडल्या होत्या. उपकेंद्राच्या मॅडमनी चार वेळा घरी जाऊन त्यांना परत लावल्या.

माझ्या प्रेशरचा रकाना सांगतो. गोळी सुरू केली आणि जिमला जात नव्हतो त्या दोन महिन्यांत १५८/९६ वरून १४६/९०. जिम सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात १३२/८२, आणि थोडं खाली-वर होत आजही तिथंच. गोळी तीच, मीठ तेव्हाच कमी केलेलं. प्रेशर असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्यासारख्या व्यायामानं सरासरी ५ ते ८ नं उतरतो, असं पुतणीच्या पुस्तकात आहे. माझा जास्त उतरला. वजनही साडेचार किलो उतरलं, त्याचाही हात असेल.

आता मुख्य हरकत, जी मी रोज ऐकतो. "मास्तर, दिवसभर वावरात मरतो आमी, आन् वरून हे झुलं झुलाचं?" या हरकतीला मी कधी उडवून लावलं नाही. माझंही साडेतीन एकर आहे. डवरणी, निंदण, कापूस वेचणं, तुरीचे गठ्ठे बांधणं, हे श्रम नाहीत असं कोण म्हणेल? पण वेबिलमध्ये मी वावरातल्या कामाच्याही नोंदी केल्या. कापूस वेचताना तासाभरानं नाडी ८६. पाठ मोडून येते, पण हृदय आपल्या जागी. फवारणीचा पंप पाठीवर असताना ११८, पण त्यात वजन, उकाडा आणि तोंडावर बांधलेलं फडकं. वखराच्या मागं चालताना १०४, ते खरं चालणं आहे, पण आता वखराऐवजी ट्रॅक्टर आला. आणि तूर निघाली की जानेवारीपासून मृगापर्यंत वावरात आहे काय? वर्षातले चार-पाच महिने आमचा शेतकरी बसून असतो आणि पावसाळा लागला की एकदम जीव तोडून कामाला लागतो. मला भीती वाटते ती त्या एकदम लागण्याची. बसून राहिलेल्या माणसानं अचानक अतिश्रम केले की झटक्याचा धोका तेवढ्यापुरता वाढतो, नियमित हालचाल असणाऱ्याचा फार कमी वाढतो. म्हणून मी म्हणतो, जानेवारी ते जून जिमला या. पेरणीला तुमचं हृदय तयार असेल.

किती करायचं? आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा. रोज अर्धा तास, पाच दिवस, म्हणजे दीडशे. मध्यम जोर ओळखायला मी आधी नाडीचं सूत्र वापरत होतो, २२० मधून वय वजा करायचं वगैरे. दादांच्या बाबतीत ते पार चुकलं. त्यांना मेटोप्रोलोल आहे आणि ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही. किती दमले तरी ९६. मी आकडा वाढवायला त्यांना वेग वाढवायला लावला आणि एक दिवस त्यांना गरगरलं. चूक माझी होती. पुतणी फोनवर माझ्यावर चिडली आणि तिनं सोपी रीत दिली : बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये.

दादा काही बोलत नाहीत फारसे, म्हणून आम्ही रूट म्हणायचं ठरवलं. आमची जुनी गाडी. पुसद, दिग्रस, दारव्हा, नेर, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा, अमरावती. क्रॉस ट्रेनरवर असताना एका श्वासात जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. अमरावतीपर्यंत आरामात गेलं तर जोर कमी पडतोय. दिग्रसलाच श्वास तुटला तर जास्त होतोय, हळू करायचं. नेर-नांदगावला श्वास घ्यावा लागला तर बरोबर. सुरुवातीला दादा गट्टूवर नुसते चालतानाही दिग्रसच्या पुढं जात नव्हते.

थांबायचं कसं हेही आम्ही चुकत शिकलो. जोरात चालवून एकदम उतरलं की पायांत उतरलेलं रक्त तिथंच राहतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. शेवटची पाच मिनिटं हळूहळू कमी करत आणायची, मग उतरायचं, मग बाकावर बसायचं. सुरुवातीलाही तसंच, पाच मिनिटं झुलती. छाती आवळली, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर यंत्र सोडून बसायचं. ‘होईल कमी’ म्हणून घरी चालत जायचं नाही. १०८ ला फोन. हा नंबर आम्ही बाकाच्या मागं रंगानं लिहून घेतला आहे, रंग दादांनी आणला.

वेळेबद्दल. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४५ ला टेकतो, आणि यंत्रं लोखंडाची. साडेआठला दांड्यांना हात लावता येत नाही. मार्चपासून आम्ही पहाटे साडेपाचला जातो आणि सातला परत. घाम जाऊन रक्त घट्ट होतं, वर प्रेशरच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, तेव्हा आधी तांब्याभर पाणी पिऊन निघायचं. मे महिन्यातले नऊ दिवस मी गेलोच नाही, वहीत ‘उष्माघाताचा इशारा’ लिहिलं आहे. हिवाळ्यात उलटं. डिसेंबरच्या थंडीत वाहिन्या आकसतात, प्रेशर पहाटेच चढलेलं असतं, म्हणून ऊन पडल्यावर कानाला मफलर बांधून. त्याच दिवसांत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवतात. धूर गावावर बसला असेल त्या दिवशी व्यायाम करू नये. जोरात श्वास घेणार आणि आत धूर घेणार, त्याचा उपयोग काय?

धुराइतकंच खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल, लिहिणं मला भाग आहे. जिमच्या बाकाखाली खर्ऱ्याच्या पन्न्यांचा ढीग असतो. तोंडात घोट ठेवून झुलतीवर झुलणारी पंचवीस-तीस वर्षांची पोरं मी रोज पाहतो. तंबाखूतलं निकोटिन नाडी वाढवतं आणि वाहिन्या आवळतं. म्हणजे क्रॉस ट्रेनर जे करून देतो, ते खर्रा तिथल्या तिथं काढून घेतो. मीही २६ वर्षं खर्रा खाल्ला. दादांना झटका आला त्या आठवड्यात सोडला. पोरांना रागावून उपयोग नाही हे मला माहीत आहे. मी त्यांना बोलावतो, खर्रा तोंडात असताना नाडी मोजायला लावतो, दुसऱ्या दिवशी नसताना मोजायला लावतो. तिघांनी सोडला आहे, त्यातला एक पुन्हा लागला.

बायकांचं काय, हा प्रश्न ग्रामपंचायतीनं विचारातच घेतला नव्हता. सकाळी बायकांना पाणी, स्वयंपाक, डबे. सायंकाळी वावरातून आल्यावर अंधार, आणि जिमला दिवा नाही. शिवाय पोरं यंत्रांवर बसून मोबाइल बघणार, तिथं कोण साडी खोचून लेग प्रेस करेल? ग्रामसभेत आमच्या सूनबाईनं उठून सांगितलं, चार ते सहा फक्त बायकांची वेळ ठेवा. पहिल्यांदा हसले लोक. मग उपकेंद्राच्या मॅडमनी सांगितलं की गावात तपासलेल्यांत प्रेशर निघालेल्या बायका पुरुषांपेक्षा कमी नाहीत. ठराव झाला. आता सात-आठ जणी येतात. सुनेनं घरून आणलेलं पातळ सतरंजीचं कापड कुंपणाला बांधलं आहे.

देखभाल ही सगळ्यांत कमजोर बाजू. पुरवठादारानं बसवून दिलं, बिल नेलं, पुन्हा आला नाही. क्रॉस ट्रेनरचे बेअरिंग सहाव्या महिन्यात कुरकुरायला लागले. दादांनी उघडून ग्रीस भरलं, २८ वर्षं गाडी सांभाळलेला माणूस, त्यांना आवाजावरूनच कळलं कुठला जोड कोरडा पडलाय. तेव्हापासून ते दर महिन्याच्या एक तारखेला सगळी यंत्रं बघतात. पाच महिने पाण्याचा तांब्या न उचललेले दादा हातात पाना घेऊन जमिनीवर बसलेले मी पाहिले, तो दिवस वहीत तारखेसह आहे.

मला गुण द्यायचे झाले तर जागेला पाचपैकी पाच, यंत्रांच्या निवडीला दोन, देखभालीला एक. आपल्या गावासाठी मागणी करणार असाल तर ठरावात असं लिहा : क्रॉस ट्रेनर दोन, सायकल जोर कमी-जास्त करता येणारी, झुलती एकच, ट्विस्टर नको. सावलीला टिनाचं शेड, एक दिवा, आणि दोन वर्षांच्या दुरुस्तीची लेखी हमी घेतल्याशिवाय पूर्ण बिल देऊ नका.

आमच्या दिव्याचा ठराव झाला आहे, खांब आला आहे, बल्ब आलेला नाही. तोवर मी टॉर्च नेतो. ४२० दिवसांत ३११ फेऱ्या झाल्या. आज सकाळची नोंद : क्रॉस ट्रेनर १८ मिनिटं, माझी नाडी ७२ वरून ११२. दादा १५ मिनिटं, वेग नेहमीचाच, श्वास बडनेऱ्याला घेतला.